ऑफरोड गाडीला मडफ्लॅप लावताना या चुका टाळा: उभ्या गाडीचं माप घेऊन फसू नका

मडफ्लॅप, म्हणजे चिखल-दगड अडवायला चाकामागे लोंबणारा पट्टा, फाटला की आपण पहिला दोष मालाला देतो. हलका होता, जाणारच होता असं म्हणून त्याहून जाड काहीतरी आणतो, त्याच जागी त्याच भोकांत लावतो आणि मग तो पण जातो. मी बरीच वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या फोर बाय फोर गाड्यांना फ्लॅप लावतोय, काढतोय, फाटलेले हातात घेऊन उलटसुलट करून बघतोय, आणि माझं मत आता पक्कं झालंय की माल खराब म्हणून गेलेले फ्लॅप कमी आणि माप चुकलं म्हणून गेलेले जास्त. आपण माप कधी घेतो? गाडी सपाट फरशीवर उभी, स्टीअरिंग सरळ, डिकी रिकामी. चिखलात, दगडात, रिव्हर्समध्ये चाक जिथे जातं तिथलं माप कोणी घेतच नाही, आणि फ्लॅप फाटतो तो तिथेच.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: रिव्हर्सचा विचार न करणं

हे मला माझ्याच गाडीनं शिकवलं. एका अरुंद वाटेवर पुढे जाता येईना म्हणून मागे यायचं होतं, मागच्या चाकामागे जेमतेम गुडघाभर मातीचा उंचवटा होता, मी हळूच रिव्हर्स घेतला आणि कापड टरकावल्यासारखा एक लांब आवाज आला. उतरून बघितलं तर फ्लॅप आख्खा टायरखाली, आणि तो एकटा नाही गेला, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर म्हणजे लायनर निम्मं बाहेर ओढलं गेलेलं, बंपरचा कोपरा क्लिपांसकट सुटलेला आणि चाकावरच्या पत्र्याची म्हणजे फेंडरची कड खाली दुमडलेली. फ्लॅप मात्र शाबूत! चार मोठे बोल्ट, मोठे वॉशर, जाड माल, सगळं 'मजबूत' लावलं होतं ना, त्यामुळे फ्लॅप सुटला नाही आणि त्याच्यामागची गाडी सुटली.

असं का होतं ते नीट समजून घ्या. गाडी पुढे जाते तेव्हा टायरची मागची बाजू खालून वर येत असते, म्हणून दगड वर उडतात आणि फ्लॅप टायरला टेकला तरी वर-मागे ढकलला जातो. रिव्हर्समध्ये नेमकं उलटं, टायरची मागची बाजू वरून खाली जाते. फ्लॅपचं खालचं टोक दगडाला, मातीला किंवा ओढ्याच्या काठाला अडून पुढे दुमडलं आणि टायरला टेकलं, की टायर त्याला पकडून सरळ स्वतःखाली खेचतो. दोन टनांची गाडी त्यावर चढलेली असते, तिथे तुमचा बोल्ट कितीही चांगला असो.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे की वरची पट्टी मजबूत, पण खालचा किंवा आतला जो एक पॉइंट असतो तिथे लोखंडी बोल्ट न लावता दाबून बसणारी प्लास्टिकची पुश क्लिप लावायची. ओढ बसली की आधी ती क्लिप सुटते, फ्लॅप एका बाजूने मोकळा होतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं टायरखालून निसटतो. क्लिप गेली तर गेली, फेंडर वाचतो. जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे कापून फ्लॅप करणारे खूप लोक आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या पट्ट्यात आत कापडाचे नाहीतर स्टीलच्या तारांचे थर असतात, तो फाटत नाही म्हणून भारी वाटतो, पण जो फ्लॅप फाटत नाही तो गाडी फाडतो.

खाली किती सोडायचा

रॅलीच्या गाड्यांचे फोटो बघून लोक फ्लॅप जवळजवळ जमिनीला टेकवतात. रॅलीत त्याला कारण आहे, एफआयएच्या (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) परिशिष्ट जे मधल्या नियमानुसार गाडी उभी आणि रिकामी असताना फ्लॅपचं खालचं टोक जमिनीपासून १० सेंटीमीटरपेक्षा जास्त वर नसावं, आणि तो माल लवचिकच असावा लागतो. पण ती गाडी खडीच्या रस्त्यावर सुसाट पुढे जाते, ती दगडांच्या पायऱ्या चढत नाही की दर दहा मिनिटांनी रिव्हर्स घेत नाही. तुमचं निम्मं काम तेच असेल तर ते १० सेंटीमीटर विसरा.

मी साधा हिशोब करतो. मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असलेल्या गाडीत त्याच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा जिथे जमिनीच्या सगळ्यात जवळ येतो, फ्लॅपचं टोक त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. जो दगड डिफच्या खालून जाणार नाही त्यावर तुम्ही तसेही मुद्दाम चाक घालता, मग फ्लॅपनं त्याच्याही खाली जाऊन काय मिळवायचं? बहुतेक गाड्यांत हे माप २० ते २३ सेंटीमीटरच्या आसपास येतं.

आता माप घेताना गाडी भरलेली हवी. मागे पाण्याचे कॅन, टूलबॉक्स, तंबू, दोन माणसं बसली की मागचं सस्पेंशन चार-पाच सेंटीमीटर सहज दबतं, आणि तुम्ही रिकाम्या गाडीत ठेवलेले २२ सेंटीमीटर तिथे १७ होतात. उलट गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकलं असेल तर दोन इंच लिफ्टनं जुना फ्लॅप पाच सेंटीमीटर वर गेलेला असतो आणि मग अचानक दरवाजे घाण व्हायला लागले की लोक म्हणतात टायर बदलल्यामुळे झालं. टायरमुळे पण होतं, ते पुढे सांगतो.

रुंदी की उंची, कशासाठी काय

ही गोष्ट मला खूप उशिरा कळली. टायरच्या खाचेत अडकलेला दगड ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी तो टायरच्या गोलाला स्पर्शरेषेत निघतो. जमिनीजवळ सुटला तर जवळपास आडवा, मागे जातो. थोडा वर येऊन सुटला तर चढा जातो. गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली असेल तर गाडीच्या हिशोबानं दगड पण ६०नंच सुटतो, आणि मागची गाडीही त्याच वेगानं येत असेल तर तिला जवळपास तेवढाच दणका बसतो. म्हणजे मागून येणाऱ्याची काच वाचवायची तर फ्लॅप खाली यायला हवा, कारण ते दगड आडवे, खालून जाणारे असतात. स्वतःच्या गाडीचा पत्रा, पायदान, दरवाज्याची खालची कड, मागच्या चाकाच्या कमानीचा पुढचा भाग, हे वाचवायचं तर रुंदी हवी, कारण इथे बाहेरच्या कडेनं तिरका उडालेला माल येऊन आपटतो.

ट्रेलर ओढणाऱ्यांनी अजून एक बघा. मागच्या टायरचे दगड ट्रेलरच्या पुढच्या तोंडावर आपटून उलटे येतात आणि आपलीच मागची काच फोडतात. काच फुटली की माणूस शोधत बसतो की मागून कोणी मारलं. तिथे मागच्या फ्लॅपची रुंदी आणि लांबी दोन्हीत कंजुषी चालत नाही, आणि ट्रेलरच्या तोंडाला एखादं जाड कापड किंवा जाळी लावली तर दगडाचा जोर तिथेच मरतो.

टायर बदललं, फ्लॅप तोच राहिला

समजा आधी २६५ मिलिमीटर रुंदीचं टायर आणि +३० ऑफसेटची रिम होती (ऑफसेट मिलिमीटरमध्ये असतो, तो जितका कमी तितकी रिम बाहेर), आता २८५ चं टायर आणि शून्य ऑफसेटची रिम टाकली. टायर २० मिलिमीटर रुंद झालं म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१०, आणि ऑफसेटमुळे रिम ३० मिलिमीटर बाहेर आली. बाहेरची कड एकूण ४० मिलिमीटर, म्हणजे चार सेंटीमीटर बाहेर. कंपनीचा फ्लॅप कंपनीच्या टायरसाठी बनवलेला होता, तो आता टायरची आतली बाजू झाकतोय आणि बाहेरची दोन-तीन बोटं उघडी. रिममागे चकती म्हणजे स्पेसर टाकला तरी तेच. कमानीच्या कडेला रुंद फ्लेअर लावून वरून झाकलं म्हणून समाधान मानू नका, दगड वरून कुठे येतो, मागून येतो.

हे बघायला सोपी युक्ती आहे. गाडीच्या मागे सरळ रेषेत उकिडवे बसा आणि फ्लॅपच्या बाहेर टायरचा किती भाग दिसतो ते बघा. काहीच दिसता कामा नये. पुढच्या चाकाचं जरा अवघड कारण स्टीअरिंग वळलं की टायर बाहेर डोकावतोच, तिथे सरळ चाकावर एखादा सेंटीमीटर जास्तीची रुंदी ठेवली की पुरे. काही देशांत फ्लॅपची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची कायद्यातच दिलेली असते, तुमच्याकडचा नियम एकदा नीट वाचून घ्या आणि मगच कात्री चालवा.

टायर आणि फ्लॅपमधली जागा

पुढे फुल लॉकवर, म्हणजे स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर, घासतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे लोक गाडी जागेवर उभी करून दोन्हीकडे स्टीअरिंग फिरवून बघतात आणि खूश होतात. पण ऑफरोडला चाक वळलेलं असतं आणि त्याच वेळी वर दबलेलं पण असतं, आणि दोन्ही एकत्र झालं की मोकळी दिसणारी जागा गायब होते. एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं मागचं चाक उंचवट्यावर चढवा, ती दोन चाकं पूर्ण दबू द्या, मग फुल लॉक करा आणि बॅटरी लावून आत बघा.

मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेल्या गाडीत एक वेगळीच गंमत आहे. पाट्याचं पुढचं टोक पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतं, त्यामुळे पाटा दबून सपाट व्हायला लागला की त्याची लांबी मागे सरकते आणि ॲक्सल पण थोडं मागे जातं. म्हणजे गाडी भरली किंवा खड्ड्यात आपटली की टायर वर तर जातंच, शिवाय फ्लॅपच्या जवळ येतं. उभ्या गाडीत दोन बोटं अंतर ठेवलं असेल तर ते तिथेच संपलं.

खडूची युक्ती करा, याला पर्याय नाही. फ्लॅपच्या टायरकडच्या बाजूला पांढरा खडू भरपूर फासा आणि कोरड्या दिवशी तुमच्या नेहमीच्या वाटेवर अर्धा तास गाडी चालवून या, रिव्हर्स पण घ्या. जिथे खडू एका वळणदार पट्ट्यात पुसला गेलाय तिथे टायर लागतंय. ठिपक्यांसारखा उडालाय ते दगडाचे मार आहेत, त्याची काळजी करू नका, फ्लॅप त्यासाठीच आहे.

आणि चिकट मातीच्या भागात राहत असाल तर टायर-फ्लॅपमधलं अंतर अजून वाढवा. तिथे फ्लॅप जवळ असला की मध्ये चिखलाचा गठ्ठा बसतो, तो दाबला जातो, वाळतो, आणि पुढच्या वळणावर टायरला ब्रेकसारखा घासतो. पाच सेंटीमीटर कोरड्या दगडी भागात चालतात, चिकट चिखलात मला आठ-दहा लागतात.

माल कुठला

पॉलियुरेथेनचा ३ ते ५ मिलिमीटरचा पत्रा मला सगळ्यात आवडतो, दुमडला तरी परत सरळ होतो आणि थंडीतही लवचिक राहतो. रबर जड, ६ मिलिमीटरच्या वर घेतलं तर स्वतःच्या वजनानं सरळ लोंबतं, वेगात फडफडत नाही, पण वजन जास्त म्हणून वरच्या भोकांवर ताण जास्त. एचडीपीई हे प्लास्टिक ताठ असतं, कापायला सोपं, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकलं की तिथे पांढरी रेष येते आणि ती रेष म्हणजे उद्याची चीर. पीव्हीसी कडक थंडीत ठिसूळ होतं, बर्फाच्या भागात तर घेऊच नका.

घेताना कोपरा हातात धरून पूर्ण दुमडा, दोन बोटांनी घडी दाबून धरा आणि सोडा. पांढरी रेष उमटली किंवा घडी तशीच राहिली तर परत ठेवा.

भोक पाडायच्या आधी हात थांबवा

इथे चूक झाली तर ती फ्लॅपपुरती राहत नाही. मागच्या कमानीच्या आत एका बाजूला पेट्रोल-डिझेल भरायचा पाइप जातो. पुढच्या लायनरमागे बऱ्याच गाड्यांत वॉशरच्या पाण्याची टाकी असते, लाइटच्या वायरी असतात, एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप तर चाकाजवळूनच जातो. लायनर काढा, आत बघा, हात घालून चाचपडा, मग ड्रिल उचला. ड्रिलच्या बीटला टोकापासून हवी तेवढी जागा सोडून टेप गुंडाळा म्हणजे ते आरपार घुसणार नाही. आणि आधी कंपनीची मोकळी भोकं शोधा, बऱ्याचदा दोन-तीन तयार मिळतात.

पत्र्यात भोक पाडलंच तर त्याची कड उघडी ठेवू नका. कानसेनं कड साफ करा, प्रायमर, त्यावर रंग, वाळल्यावर बोल्ट, आणि आतून मेण किंवा गंजरोधक स्प्रे. सरळ सेल्फ स्क्रू पत्र्यात घुसवणं हा सगळ्यात वाईट प्रकार, स्क्रू हलत राहतो, रंग उडतो, तिथे कायम ओला चिखल, आणि दोन पावसाळ्यांत भोकाभोवती तांबूस फुगवटा दिसायला लागतो. ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर स्टेनलेसचा बोल्ट थेट टेकवू नका, मध्ये नायलॉनचे वॉशर आणि बुश घाला, नाहीतर पाणी-मिठामुळे ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड निघते.

बोल्ट आणि पट्टी

फ्लॅप फक्त वॉशरवर लटकवला की सगळा ताण दोन-तीन भोकांवर येतो. फ्लॅपच्या वरच्या कडेला पूर्ण रुंदीची साधारण २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी लावा, तिच्या कडा घासून गोल करा, म्हणजे ताण आख्ख्या कडेवर वाटला जातो. भोक कडेपासून निदान भोकाच्या व्यासाच्या दुप्पट आत असू द्या. एचडीपीई वापरत असाल तर कडेची भोकं थोडी लांबट करा, ३० सेंटीमीटरचा तुकडा ४० अंशांच्या फरकानं दीड-दोन मिलिमीटर लांब-आखूड होतो, गोल घट्ट भोकात तो मधेच पोक काढतो.

नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेले) घ्या, आणि तेच जुने नट परत परत वापरू नका, आतल्या नायलॉनची पकड काढ-घाल करून कमी होते. कसताना वॉशरखालचा माल बाजूनं फुगायला लागला की थांबा, तिथून पुढे तुम्ही फ्लॅप घट्ट करत नाही, कापताय. पहिल्या खराब रस्त्याच्या दिवसानंतर सगळे बोल्ट एकदा हातानं बघा, माल दबून बसलेला असतो.

कापताना आतला कोपरा कधीच काटकोनात सोडू नका. आधी कोपऱ्यावर ड्रिलनं गोल भोक पाडा आणि मग दोन्ही बाजूंनी त्या भोकापर्यंत कापा. धारदार कोपरा राहिला की चीर तिथूनच धावते.

सायलेन्सर आणि रंग, दोन्ही लोक विसरतात

टेलपाइपचं तोंड फ्लॅपकडे वळलेलं असेल तर तो वितळणार. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं आणि मऊ त्याच्या आधीच पडतं. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत तर रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणं, चालू असताना फिल्टरच्या आतच ६०० अंशांपर्यंत तापमान जातं, तेव्हा निघणारा झोत रोजच्यापेक्षा खूपच गरम असतो. पाइपपासून एक वीत तरी लांब ठेवा, जमत नसेल तर त्या बाजूचा फ्लॅप कापून जागा करा, दोन्ही बाजू सारख्या दिसायलाच हव्यात असा हट्ट धरू नका.

रंगाचं म्हणाल तर फ्लॅप आणि बॉडीच्या मधे बारीक वाळू बसते आणि प्रत्येक हादऱ्याला पॉलिश पेपरसारखी घासते. सहा महिन्यांनी फ्लॅप काढला तर मागे धातू चमकत असतो. लावायच्या आधीच तिथे पारदर्शक पीपीएफचा (रंग वाचवणाऱ्या फिल्मचा) तुकडा चिकटवा. पायदानाच्या पत्र्याखाली पाणी जायची छोटी भोकं असतात, ती फ्लॅपनं झाकली जात नाहीत ना तेही बघा.

फाटलेला फ्लॅप फेकायच्या आधी बघा

त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. बोल्ट जागेवर आहे आणि वॉशरखाली रबराची चंद्रकोर तेवढी उरली आहे, म्हणजे वॉशर लहान होता किंवा बोल्ट जास्त कसला होता. वरच्या कडेला समांतर आडवी चीर म्हणजे वेगात मागे-पुढे फडफडून थकला, पट्टीची कड धारदार होती किंवा माल ताठ होता. खालच्या कोपऱ्यापासून तिरकी वर गेलेली चीर आणि त्यावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा, हे रिव्हर्समध्ये टायरखाली गेल्याचं लक्षण, लांबी कमी करा. आतल्या बाजूला गुळगुळीत, पातळ झालेला कमानदार पट्टा म्हणजे टायर घासतंय, अंतर वाढवा. आणि एका बाजूचाच फ्लॅप सुरकुतलेला, कडा गोळा झालेल्या असतील तर आधी सायलेन्सरचा पाइप बघा.

वेगात ढोलासारखा आवाज येत असेल तर फ्लॅप वाऱ्यानं मागे उडतोय. आखूड केल्यानं आवाज जातो पण संरक्षणही जातं. त्याऐवजी मागच्या बाजूनं मधोमध एक पातळ दोरी घेऊन ती पुढे चासीच्या बाजूला बांधा, एवढीच ढिली की फ्लॅप सरळ लोंबेल पण मागे आडवा होणार नाही. तीच दोरी दगडी चढाच्या आधी उलट कामाला येते, सोडायची आणि फ्लॅप गुंडाळून वर बांधून टाकायचा. गाडीत एक जास्तीची दोरी, चार पुश क्लिपा, दोन बोल्ट-नट आणि १० चा पाना पडू द्या.

आणि माप घेताना पुठ्ठा कापून जो नमुना केला असेल तो फेकू नका. त्यावर मार्करनं टायरचा साइज, रिमचा ऑफसेट, लिफ्ट किती आणि भोकांची अंतरं लिहा, डावा-उजवा लिहा, आणि गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवा. पुढचा फ्लॅप अर्ध्या तासात कापून होतो.